एक्स्टेंडेड वॉरंटी आणि चार हजारांचा फरक : आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आपण दिलेला एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. क्लचच्या कामासाठी आपल्याला दोनदा खेप घालावी लागली आणि शनिवारचा अख्खा दिवस वर्कशॉपमध्ये गेला, याबद्दल दिलगीर आहे. एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे मूळ वॉरंटीची मुदत पैसे भरून वाढवून घेणे, ही निव्वळ लूट आहे, क्लच प्लेट तिच्यात धरली नाही, आणि आपल्या सहकाऱ्याला तीच वॉरंटी ९,८०० रुपयांत मिळालेली असताना आम्ही आपल्याकडून १३,९०० घेऊन मधले पैसे खाल्ले, असे आपण लिहिले आहे. पहिल्या दोन मुद्द्यांवर मतभेद असू शकतात. तिसरा मात्र जिव्हारी लागला, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो.

आपल्या सहकाऱ्याने ही वॉरंटी डिलिव्हरीच्या दिवशीच घेतली होती. आपल्यालाही त्या दिवशी विचारले होते. तेव्हा "नवी गाडी आहे, पुढचे पुढे बघू" असे आपण म्हणालात आणि आमच्या माणसाने पुन्हा विषय काढला नाही. त्यानंतर मूळ तीन वर्षांची मुदत संपत आली असताना आपण स्वतःहून शोरूमला आलात. गाडीचे वय वाढेल तसा बिघाडाचा संभव वाढतो, म्हणून कंपनी ही वॉरंटी जितकी उशिरा घ्याल तितकी महाग देते, आणि मूळ मुदत उलटून गेल्यावर देतच नाही. आम्ही फक्त चेसिस नंबर टाकतो. विक्रीची तारीख व किलोमीटर पाहून रक्कम कंपनीच्या संगणकावरच येते आणि तिच्यात एक रुपयाही वरखाली करण्याची सोय आम्हाला नाही. १३,९०० मध्ये १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २,१२० रुपये, सरकारजमा झाले असून ते आपल्या बिलावर वेगळे छापलेले आहेत. वॉरंटीच्या विक्रीवर विक्रेत्याला कंपनीकडून कमिशन मिळते, हे मी लपवत नाही. परंतु ते आपल्या सहकाऱ्याच्या ९,८०० मध्येही होते. बिल आपल्याजवळ असताना, ते एकदाही न दाखवता "खाल्ले" हा शब्द चारचौघांत लिहिणे कितपत योग्य आहे, हे आपणच ठरवावे.

क्लच प्लेटविषयी सांगायचे तर ब्रेक पॅड, वायपर आणि टायर यांच्याप्रमाणे ती वापराने झिजणारी वस्तू आहे आणि अशा वस्तू वॉरंटीत येत नाहीत, हे पुस्तिकेत छापलेले आहे. आपली प्लेट काढून टेबलावर ठेवली तेव्हा घर्षणाचा थर रिव्हेटपर्यंत उतरला होता आणि तिला जळका वास येत होता. सुपरवायझरने ती आपल्या हातात दिली होती. दर आठवड्याला रत्नागिरीहून परतताना आंबा घाट चढावा लागतो, असे आपणच बोलण्याच्या ओघात सांगितलेत. चढावर क्लचवर पाय ठेवून गाडी धरून ठेवण्याची सवय असेल, तर कोणत्याही कंपनीची प्लेट लवकरच संपते. त्याच वॉरंटीखाली गेल्या पावसाळ्यात मागच्या दाराच्या पॉवर विंडोची मोटर एकही पैसा न घेता बदलून दिली होती, तिचा उल्लेख आपल्या अभिप्रायात आढळला नाही.

वॉरंटी घ्यावी की नाही, असे कोणी मला विचारले तर मी सरसकट 'घ्या' म्हणत नाही, हे आमच्या जुन्या ग्राहकांना ठाऊक आहे. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालणारी साधी पेट्रोल मॅन्युअल गाडी असेल आणि ती मुदतीच्या आत विकायची असेल, तर ते पैसे बँकेत राहिलेले बरे. शिवाय मूळ वॉरंटीच आता काही ठिकाणी लांबली आहे. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये ती दोन वर्षांवरून तीन वर्षे किंवा १ लाख किलोमीटर केली. (आम्ही त्यांचे विक्रेते नाही.) याउलट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा टर्बो इंजिन असेल, आणि गाडी पाच-सहा वर्षे ठेवायची असेल, तर एसीचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंगची मोटर किंवा इंजिनचा ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा संगणक) यांपैकी एक जरी गेला तरी वॉरंटीची रक्कम बहुधा वसूल होते. मात्र अधिकृत ठिकाणी वेळेवर सर्व्हिसिंग करावे लागते, आणि अपघात, उंदरांनी कुरतडलेले वायरिंग व पुराचे पाणी यांचा वॉरंटीशी संबंध नसतो. २०१९ च्या महापुरानंतर कोल्हापुरात कित्येकांनी चिखलाने भरलेल्या गाड्यांसाठी वॉरंटीची पुस्तके पुढे केली होती. त्यांना तो विम्याचा विषय आहे, आणि पाणी शिरून इंजिन अडकले असेल तर साध्या विम्यालाही 'इंजिन प्रोटेक्ट' या जादा संरक्षणाची जोड लागते, हे समजावताना आमचा घसा बसला होता.

यापुढे वॉरंटीत काय बसते व काय बसत नाही, याचा मराठी तक्ता काउंटरवर लावण्याच्या सूचना दिल्या आहेत, आणि शनिवारच्या गर्दीबाबतही काहीतरी व्यवस्था करू. आपला तारा एकच राहिला तरी माझी तक्रार नाही. पंचवीस माणसांची घरे या शोरूमवर चालतात आणि नवा ग्राहक आत येण्याआधी मोबाईलवर हेच वाचतो. तेव्हा बिल पुन्हा एकदा पाहून पैशांविषयीचे ते एक वाक्य तेवढे काढावे, ही विनंती. काही शंका असल्यास हिशेबाचा कागद घेऊन केव्हाही या, मी स्वतः भेटेन.

आपला विश्वासू,
संचालक