अंदाज गिऱ्हाइकाचा, ताप आमचा

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की छोट्या धंदेवाल्याच्या डोक्यात हटकून एक किडा वळवळतो: 'आपण अंदाज स्पर्धा ठेवायची का?' कल्पना दिसायला मोठी साळसूद. गिऱ्हाइकाने स्कोअर लिहायचा, जुळला तर गुण, शेवटी पहिल्या नंबराला बक्षीस. खर्च नाममात्र, गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा दारात, कर्मचारी खूश. फक्त एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. स्पर्धा लावली त्या दिवसापासून मालक मालक राहत नाही, पंच होतो. आणि पंचाला चांगलं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

मी या पंचगिरीतला, म्हणून सांगतो. पहिली चूक उत्साहाच्या भरात होते: सगळेच सामने घ्यायचे. २०२२ला ३२ संघ आणि ६४ सामने होते, २०२६साठी ४८ संघ आणि १०४ सामने. एकशेचार अंदाज भरायला लावणं म्हणजे गिऱ्हाइकाला वार्षिक परीक्षेला बसवणं. आठवड्याला पाच सामने निवडा, फार तर सहा. एकतर्फी वाटणारा सामना गाळा, असं म्हणणार होतो. पण २२ नोव्हेंबर २०२२ला सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असं लोळवलं होतं, तेव्हा असाही एखादा असू द्या. तक्त्याच्या तळाशी बसलेल्यांची आशा त्याच्यावरच जगते.

गुणांची पद्धत साधी ठेवा. स्कोअर तंतोतंत जुळला तर ५, फक्त गोलांचा फरक जुळला तर ३, नुसता विजेता बरोबर आला तर १. म्हणजे २-१ लिहिलं आणि ३-२ झालं, तर ३ गुण. आता मेख ऐका. बरोबरीत गोलांचा फरक नेहमीच शून्य. १-१ लिहिणाऱ्याला ०-० झालं तरी ३ गुण, ३-३ झालं तरी ३. हे एखाद्या हुशार गिऱ्हाइकाच्या ध्यानात आलं की तो डोळे मिटून प्रत्येक सामन्याला १-१ लिहीत सुटतो. म्हणून बरोबरी ओळखली पण स्कोअर चुकला तर २ गुण, असं आधीच छापून टाका. मध्येच बदललंत तर तो तुमच्याकडे खुर्ची चोरल्यासारखं बघेल.

हिशेब संगणकावर ठेवणार असाल तर दोन संघांचे गोल दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. एकाच चौकटीत २-१ टाइप केलंत की एक्सेल त्याची बिनदिक्कत तारीख करून टाकतं. मग पहिल्या नंबराच्या माणसाने 'दोन जानेवारी' असा अंदाज वर्तवलेला असतो आणि सूत्र त्याला शून्य देतं. कागदी चिठ्ठ्यांचा छळ निराळा. घाईत काढलेला देवनागरी १ आणि ९ हे सख्खे भाऊ. ९-० असा अंदाज दिसला की तो ब्राझीलचा कडवा भक्त आहे की नुसतंच अक्षर खराब, हे ठरवत बसावं लागतं. चिठ्ठीवर आकडेच छापा आणि हव्या त्या आकड्याभोवती वर्तुळ काढायला सांगा.

मुदत सामना सुरू होण्याच्या एक तास आधी. 'सुरू होईपर्यंत' असं म्हटलं की चौथ्या मिनिटाला गोल पडल्यावर कोणीतरी येऊन 'चिठ्ठी सकाळीच टाकली होती' असं शपथेवर सांगतो. पेटीला कुलूप हवं आणि किल्ली स्पर्धेत नसलेल्या माणसाकडे. ऑनलाइन फॉर्म असेल तर वेळ आपोआप नोंदली जाते. भांडण तरीही होतं, पण निदान पुरावा असतो.

खरा कस बाद फेरीत लागतो. १८ डिसेंबर २०२२चा अंतिम सामना घ्या: ९० मिनिटांना २-२, जादा वेळेचा अर्धा तास धरून १२० मिनिटांना ३-३, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना ४-२. नियम लिहिलेला नसेल तर २-२वाला, ३-३वाला आणि 'अर्जेंटिना जिंकणार'वाला असे तिघेही आपापले गुण मागायला काउंटरवर उभे, आणि तिघांचंही म्हणणं बरोबर! मी ९० मिनिटं अधिक भरपाई वेळ एवढाच स्कोअर धरतो, जादा वेळ नाही. पुढे कोण गेलं याचा वेगळा १ गुण.

प्रवेशासाठी पैसे घेऊ नका, एक दमडीही नाही. प्रवेश फी, नशीब आणि बक्षीस हे तिघे एकत्र आले की पुष्कळ देशांत कायदा त्याला जुगार म्हणतो. 'खरेदी केली तरच चिठ्ठी' हीसुद्धा काही ठिकाणी फीच धरली जाते. विश्वचषकाचं अधिकृत बोधचिन्ह आपल्या फलकावर चिकटवायचा मोहही आवरा. बक्षीस छोटंच ठेवा, आपल्याच मालातलं. मोठं ठेवलंत की एकाच घरातून सात चिठ्ठ्या येतात, सातही एकाच अक्षरातल्या.

कर्मचाऱ्यांचा तक्ता वेगळा ठेवा, आणि त्यात साहेबाचं नाव नको. साहेब पहिला आला तर लबाडी, शेवटचा आला तर सगळ्यांची पंचाईत. बक्षीस म्हणून वस्तूपेक्षा अर्ध्या दिवसाची सुट्टी किंवा कामाची हवी ती पाळी द्या, त्यासाठी लोक खरंच इटुकल्या संघांचा अभ्यास करतात. सक्ती मात्र नको. ज्याला फुटबॉलचा कंटाळा आहे त्याला सुखाने काम करू द्या. तसाही मन लावून सामने बघणारा क्वचितच जिंकतो, कारण तो आवडत्या संघाला हरवू शकत नाही. ज्याला काही कळत नाही तो सरसकट १-० आणि २-१ लिहितो, आणि फुटबॉलमध्ये बरेचदा होतंही तेवढंच.

तिसऱ्या आठवड्यात मागे पडलेले गळायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे दर आठवड्याचं वेगळं छोटं बक्षीस आणि उपांत्य फेरीपासून दुप्पट गुण. तिप्पट केलेत तर आधीचा महिना फुकट गेला म्हणून पुढे असलेले रुसतात. आणि तक्ता सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लागलाच पाहिजे. दोन दिवस शिळा तक्ता कोणी बघत नाही.

शेवटी दोघांचे गुण सारखे होणार, हे गृहीतच धरा. त्यासाठी पहिल्याच चिठ्ठीवर एक प्रश्न असू द्या: अंतिम सामन्यातला पहिला गोल कितव्या मिनिटाला? जवळचा आकडा जिंकेल. २०२२ला तो तेविसाव्या मिनिटाला झाला होता, कोणाची तक्रार नाही. पण तो ४५+२ला, म्हणजे पूर्वार्धाच्या भरपाई वेळेत, झाला तर पंचेचाळिसावं मिनिट धरायचं की सत्तेचाळिसावं, आणि ०-० राहिलं तर काय, हेही त्याच चिठ्ठीवर छापा. जागा उरली नसेल तर मागच्या बाजूला. आणि खाली 'कृपया मागे पाहावे' लिहा, नाहीतर 'मागे काही लिहिलंय हे आम्हाला कसं कळणार?' म्हणत दोघेही यायचेत.