‘छोट्या ट्रॅक्टरला 30 टनाचा स्प्लिटर जोडा’ या सल्ल्याचा मुद्देसूद प्रतिवाद

राहायला मुंबईत आणि वाडी अलिबाग, कर्जत किंवा मुरबाडकडे, अशा मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज वारंवार फिरतो. त्यातला सल्ला थोडक्यात असा: ‘दारात 20-25 एचपीचा छोटा ट्रॅक्टर असताना ओंडके फोडायला वेगळं इंजिनवालं मशीन कशाला? ट्रॅक्टर 24 एचपीचा, ते इंजिन साडेसहाचं. ट्रॅक्टरला हायड्रॉलिक आहेच. 30 टनाचा लॉग स्प्लिटर घ्या, ट्रॉलीच्या पाइपला जोडा, कुठलंही हायड्रॉलिक तेल चालतं. जोर कमी वाटला तर रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळा. लाकूड मुंबईच्या बेकऱ्या हातोहात घेतात, वर्षात पैसे वसूल.’

निसर्ग आणि तौक्ते वादळांनी किनारपट्टीवरच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हापासून पडलेल्या झाडांचं काय करायचं हा प्रश्न खरा आहे. म्हणून मेसेज पटतो. पण त्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य एक तर पैसे घालवेल, नाहीतर बोटं.

‘30 टनाचा घ्या.’ लॉग स्प्लिटरमध्ये तेलाच्या दाबाने सरकणारा दट्ट्या पाचर ओंडक्यात घुसवतो. त्याचा जोर, म्हणजे टन, हा तेलाचा दाब गुणिले दट्ट्याचं क्षेत्रफळ. मशीनवर छापलेला आकडा कुठल्या दाबाला धरलाय ते विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. 5 इंची, म्हणजे 127 मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरचं क्षेत्रफळ सुमारे 127 चौ. सेंमी. त्यात 240 बार दाब आला तर 31 टन मिळतात आणि तेच लेबलवर येतं. तुमच्या ट्रॅक्टरचा रिलीफ, म्हणजे जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह, 150 बारला उघडत असेल, तर तोच सिलिंडर 19 टनांवर थांबतो.

हे एकवेळ चालेल, खरी अडचण वेगाची आहे. दट्ट्याचा वेग ठरतो पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो त्यावर. 20 लिटर प्रति मिनिट देणारा पंप आणि 60 सेंमी स्ट्रोक (दट्ट्याची धाव) धरा. 127 मिमीच्या सिलिंडरला पुढे जायलाच 7.6 लिटर तेल लागतं, म्हणजे 23 सेकंद. 60 मिमीचा रॉड धरला तर परत यायला आणखी 18. एका ओंडक्यामागे 40 सेकंद नुसतं बघत उभं राहायचं. 100 मिमी बोअर आणि 50 मिमी रॉड घेतला तर 150 बारला 12 टन मिळतात आणि जाऊन-येऊन 25 सेकंद लागतात. 80 मिमीला साडेसात टन आणि 16 सेकंद. छोट्या ट्रॅक्टरला 90 ते 100 मिमीच योग्य, असं आमचं स्पष्ट मत आहे. सरळ रेषेचं, हात-दीड हात लांबीचं सुरूचं किंवा सुबाभळीचं लाकूड त्याच्यापुढे टिकत नाही. पर्जन्यवृक्षाचं पीळदार खोड, जुन्या आंब्याचं बेचकं, गाठीची बाभूळ अडलीच, तर ओंडका आखूड कापा किंवा कडेकडेने फोडत आत जा. नारळाच्या वाटेला जाऊ नका. त्याचे तंतू फाटतात, ढलपी निघत नाही.

सिलिंडर मुंबईच्या दारूखाना भंगारबाजारातून जुना घेणार असाल, तर रॉडवरून नख फिरवा. क्रोमच्या खड्ड्यात नख अडलं तर नवं सील महिनाभरही टिकणार नाही. मग रॉड पूर्ण बाहेर काढून, रॉडच्या बाजूचं पोर्ट उघडं ठेवून मागून दाब द्या. सुरुवातीचं उरलंसुरलं तेल निघून गेल्यावरही धार चालूच राहिली, तर दट्ट्याची सीलं गेलेली आहेत.

‘ट्रॅक्टर 24 एचपीचा, ते इंजिन साडेसहाचं.’ एचपीची ही तुलनाच चुकीची आहे. 150 बारला 20 लिटर म्हणजे 5 किलोवॅट, पावणेसात एचपी. तुमचा हायड्रॉलिक पंप यापुढे काही घेऊच शकत नाही, बाकीची ताकद इंजिनातच राहते. शिवाय हा आकडा रेटेड (इंजिनाच्या पूर्ण कामाच्या) आरपीएमचा आहे, आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, तेल याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतं. इंजिनवाल्या स्प्लिटरवर बहुधा दोन टप्प्यांचा पंप असतो. पाचर लाकडाला टेकेपर्यंत तो 40 लिटरच्या आसपास तेल ढकलतो. दाब 40 बारच्या पुढे गेला की मोठा गिअर मोकळा सुटतो आणि छोटा एकटा 10-12 लिटर तेल 200 बारपर्यंत नेतो. म्हणून साडेसहा एचपीचं मशीन 24 एचपीच्या ट्रॅक्टरपेक्षा झपाझप काम करतं.

‘ट्रॉलीच्या पाइपला जोडा.’ सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. टिपिंग ट्रॉलीचा जॅक सिंगल अ‍ॅक्टिंग असतो: एकच पाइप, तेल ट्रॉली उचलतं आणि ट्रॉली स्वतःच्या वजनाने खाली येते. स्प्लिटरचा रॅम (दट्ट्या आणि त्याचा रॉड) आडवा किंवा लाकडात रुतलेला असतो, तो आपोआप मागे येत नाही. त्याला दोन्ही बाजूंनी तेल लागतं, म्हणजे दोन पाइप आणि टाकीकडे परतीचा मोकळा रस्ता.

छोट्या ट्रॅक्टरवर बहुतेक वेळा ओपन सेंटर रचना असते. गिअर पंप सतत तेल ढकलत असतो आणि लिव्हर न्यूट्रलला असताना ते व्हॉल्व्हमधून आरपार लिफ्टकडे, म्हणजे मागची अवजारं उचलणाऱ्या यंत्रणेकडे, जातं. मध्ये साधा व्हॉल्व्ह बसवला तर स्प्लिटर चालतो, पण मागची लिफ्ट उपाशी राहते. त्यासाठी पॉवर बियाँड पोर्ट (तेल पुढच्या यंत्रणेकडे सोडणारं तोंड) असलेला व्हॉल्व्ह लागतो. त्याला तीन जोडण्या: पंपाकडून आत, पॉवर बियाँडमधून लिफ्टकडे, आणि टाकी पोर्टमधून थेट गिअरबॉक्सकडे (तेलाची टाकी तीच). तिसरी लाइन वगळून दोन पाइपांत भागवलं, की कोंडलेला दाब स्पूलचं (व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्याचं) सील फोडून बाहेर येतो. परतीच्या लाइनवर क्विक कपलर (खटक्याने बसणारी जोडणी) असेल आणि तो अर्धवट बसला, तरी आतली गोळी रस्ता बंद करते आणि तेच होतं. म्हणून परतीच्या लाइनला कपलर नकोच, किंवा असलाच तर एक साइझ मोठा. पाइप नागदेवी स्ट्रीटला क्रिम्प करून (टोकाला फिटिंग दाबून बसवून) घेताना जुनी फिटिंग सोबत न्या. बीएसपी आणि मेट्रिक आटे हाताने दोन फेरे बसतात आणि तिसऱ्याला खराब होतात.

ट्रॅक्टरला दोन पोर्टांचा डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्ह आधीच असेल, तर सिलिंडर थेट त्याला जोडता येतो. पण मग लिव्हर सीटजवळ आणि लाकूड मागे. एक जण ओंडका धरणार, दुसरा लिव्हर ओढणार. बोटं जातात ती अशा जोडीतच. युरोपातलं ईएन 609-1 हे स्प्लिटरचं मानक चालवणाऱ्याचे दोन्ही हात लिव्हरवर गुंतवायला लावतं, ते याचसाठी. व्हॉल्व्ह स्प्लिटरवरच हवा, सोडताक्षणी न्यूट्रलला येणारा हवा, आणि ओंडका ठेवणारा माणूसच तो चालवणारा हवा. पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) फिरणारा शंकूसारखा स्क्रू व्हिडिओत भारी दिसतो. तो घेऊ नका. ओंडका अडकला की तोच गरगरतो आणि सोबत बाही, ओढणी, हात ओढून नेतो.

‘कुठलंही तेल चालतं.’ बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइल ब्रेक एकाच तेलात असतात. त्यात 68 नंबरचं साधं हायड्रॉलिक तेल ओतलं तर ब्रेक किंचाळतात, घसरतात आणि गिअरला हवं ते संरक्षण मिळत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं ट्रान्समिशन तेलच घाला. मोकळा 100 मिमीचा सिलिंडर आणि पाइप पहिल्यांदा जोडले की गिअरबॉक्समधून 4 लिटरच्या आसपास तेल त्यांत जातं, रॅम पूर्ण बाहेर आला की आणखी सव्वा लिटर. म्हणून रॅम चार-पाच वेळा आत-बाहेर करून हवा काढा, पूर्ण आत घ्या, इंजिन बंद करा आणि मगच डिपस्टिक पाहून टॉपअप करा. कोकणच्या पावसात तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ते बदलायचंच. मशीन उभं करताना रॉड आत घेऊन ठेवा, खारी हवा क्रोम खाते.

तेलाची ही सरमिसळ नको असेल तर पीटीओवर वेगळा पंप आणि 30-40 लिटरची स्वतंत्र टाकी हा चांगला मार्ग आहे. 540 आरपीएमला 1:3 गिअर आणि 20 सीसीचा पंप लावला तर सुमारे 30 लिटर मिळतात. 150 बारला त्याला 12 एचपीच्या आसपास ताकद लागते. सक्शनचा पाइप एक इंची, आखूड आणि न मुडपलेला ठेवा. नाहीतर पंप खडखडतो आणि आतून झिजतो.

‘रिलीफचा स्क्रू आवळा.’ करू नका. त्याने वेग कणभरही वाढत नाही, फक्त दाब वाढतो, आणि तो कंपनीने पंपाच्या बॉडीचा अंदाज घेऊनच ठरवलेला असतो. अर्धा इंची, तारेच्या एका जाळीच्या होजची (रबरी पाइपाची) मर्यादा 160 बार आहे, दोन जाळ्यांच्या होजची 275. घेताना दुसराच घ्या. जोर खरंच कमी वाटत असेल तर आधी 250 बारचा ग्लिसरीन गेज (दाबमापक) लाइनमध्ये टी-जोड लावून बसवा आणि रॅम टोकाला टेकवून दोन सेकंद वाचा. दाब ठीक असेल आणि तरी लाकूड फुटत नसेल, तर दोष पाचरीच्या धारेत किंवा लाकडाच्या लांबीत आहे. होजमधून बारीक फवारा दिसला तर हाताने चाचपू नका. इंजिन बंद करा, लिव्हर हलवून दाब सोडा, गळती पुठ्ठ्याने शोधा. तेल कातडीखाली घुसलं तर जखम टाचणीएवढी दिसते, पण ती ऑपरेशनची बाब असते. दुखायची वाट न पाहता ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं.

‘बेकऱ्या लाकूड उचलतात.’ जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना नवीन परवानग्या देण्यास मनाई केली आणि असलेल्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिने दिले. त्या गिऱ्हाइकावर मशीनचे हप्ते बेतू नका. सोसायटीतलं झाड तोडायला किंवा छाटायला 1975 च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते, तेव्हा तिथून फुकट माल येईल हेही धरू नका. स्प्लिटर स्वतःच्या वाडीच्या सरपणापुरता लागत असेल, तर विक्रेत्याला बोअर, रॉड, स्ट्रोक आणि व्हॉल्व्हला पॉवर बियाँड पोर्ट आहे का, एवढं विचारा आणि ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमधले बार आणि लिटर प्रति मिनिट सोबत घेऊन जा.