बाय कोणाला मिळाली?

भाच्याने इस्तंबूलहून बॅकगॅमनचा पट आणला तेव्हा कॉलनीतल्या आजींनी "हे तर द्यूत!" म्हणून नाक मुरडलं होतं. यंदा गणपतीत कॅरम कोपऱ्यात गेला आणि बॅकगॅमनच्या स्पर्धेला १३ नावं आली. त्यात एक आजींचं. चोवीस घरं, प्रत्येकी १५ सोंगट्या, दोन फासे, एवढं सगळ्यांना येत होतं. स्पर्धा कोणत्या पद्धतीने घ्यायची तेवढं ठरवायचं राहिलं होतं, आणि ते मी अंगावर घेतलं. इंदूरमध्ये पोह्यांवर शेव किती घालावी यावर दोन माणसांचं एकमत होत नाही, हे त्या क्षणी विसरलो.

पहिल्यांदा बाद पद्धत सुचवली. दर सामन्यात एक जण घरी, १२ सामन्यांत विजेता, दोन संध्याकाळीत काम फत्ते. मामी म्हणाल्या, "म्हणजे पहिल्याच दिवशी समोरच्याला सहा-सहा पडले, की पुढे मी नुसती आरतीची ताटं घासायची?"

"मामी, सहा-सहा पडण्याची शक्यता ३६ मध्ये एक असते."

"ती एक माझ्याच वेळी येते."

यावर गणित चालत नाही.

मग सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं ठरलं. सामने भरले ७८. पट तीन. आरतीनंतर आठ ते दहा एवढाच वेळ, कारण दहाला निम्मे खेळाडू सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायला पळतात. रोज सहा सामने धरले तरी १३ संध्याकाळी. बँकेतून निवृत्त झालेले अण्णा शांतपणे म्हणाले, "मग विसर्जन पुढे ढकलू या."

दोनदा हरल्यावर बाद, ही पद्धत तर कागदावरच वारली. तिचा तक्ता पाहून एकाने विचारलं, "हा कोणत्या घराण्याचा वंशवृक्ष?"

खरी जुंपली ती सामना किती गुणांचा, म्हणजे डाव जिंकत जिंकत आधी किती गुण गाठायचे, यावर. फासे कोणाचेच सख्खे नसतात. छोट्या सामन्यात नवखाही चार चांगल्या दानांवर उस्तादाला लोळवतो. सामना लांबला की नशीब दोघांत वाटलं जातं आणि शेवटी अक्कल उरते. त्यामुळे कोण किती गुण मागतो यावरून तो स्वतःच्या खेळाला काय समजतो ते कळतं. अण्णांनी ११ मागितले. मामींनी सात. मी वेळेचं कारण पुढे करून तीन म्हणालो. "उगाच टाइम खोटी कशाला?"

बायको वाती वळता वळता म्हणाली, "तीन गुणांत तुम्हीसुद्धा जिंकू शकता, असं सरळ सांगा की."

पाच गुण ठरले.

शेवटी मी स्विस पद्धत काढली. झुरिचला १८९५ साली बुद्धिबळाच्या स्पर्धेत वापरली म्हणून ती स्विस. कोणी बाद होत नाही. पुढच्या फेरीत साधारण आपल्याइतकेच गुण असलेला माणूस समोर येतो. रोज एक फेरी, चार दिवसांत निकाल. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण १३ हा आकडा विषम, म्हणजे दर फेरीत एकाला न खेळताच गुण. यालाच बाय म्हणतात. पहिल्या फेरीत मी दहावीतल्या मुलीकडून सपाटून हरलो, म्हणून दुसऱ्या फेरीत बाय माझ्या वाट्याला आली. तळातल्याला ती द्यायची, हा नियम मीच फळ्यावर लिहिला होता. माझ्याशिवाय कोणी वाचला नव्हता.

"यांना बाय मिळाली!" मामी ओरडल्या.

आजी लगबगीने बाहेर आल्या. "कोणाला मिळाली बाई? स्वयंपाकाची का? माझ्याकडेही विचार म्हणावं!"

पुढचे दोन्ही सामने मी जिंकलो. चौथ्या दिवशी अण्णा आणि मी तीन-तीन गुणांवर, तिसऱ्या क्रमांकाच्या स्टीलच्या डब्यासाठी बरोबरीत. बरोबरी फोडायची तर आपण ज्यांच्याशी खेळलो त्यांच्या गुणांची बेरीज करायची. तीही सारखी. आता फक्त शेवटचा पट चालू होता: मला हरवणारी दहावीतली मुलगी विरुद्ध अण्णांना हरवणारी माझी बायको. दोघी अजिंक्य. मुलगी जिंकली तर डबा माझा, बायको जिंकली तर अण्णांचा.

अण्णा बायकोच्या मागे उभे राहून "वा वहिनी!" करत होते. मी मुलीला दुसऱ्यांदा कॉफी आणून दिली.

मुलीचे चार गुण झाले, बायकोचे दोन. नवा डाव लागला आणि बायकोने सोंगट्या अशा काही अडवल्या की मुलगी नखं खाऊ लागली. बायकोने डावाचे गुण दुप्पट करायच्या ठोकळ्याकडे हात नेला.

पंच मीच होतो. घसा साफ करून म्हणालो, "समोरच्याला एकच गुण हवा असेल, तर त्या पहिल्या डावात दुप्पट करता येत नाही."

हात हवेत थांबला. "हा नियम कोणाचा?"

"क्रॉफर्ड नावाच्या एका अमेरिकन खेळाडूचा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीपुढच्या कॉफीकडे.

"आणि ही कॉफी? तीही त्यानेच पाठवली का?"