स्थलांतर करा म्हणता, पण कुठे?

दर पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातल्या आमच्या तालुक्यात डोंगराखालच्या वाड्यांना नोटीस येते. मजकूर वर्षानुवर्षं तोच: अतिवृष्टीचा इशारा आहे, दरड कोसळण्याची शक्यता आहे, सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे. लोक सही करून कागद देवघराच्या फळीवर ठेवतात आणि लावणीला जातात. सुरक्षित ठिकाण कुठलं, ते नोटिशीत नसतं. बरं, शोधायचं तरी कोणी? ज्याचं सगळं आयुष्य त्या उतारावरच्या चार गुंठ्यांत गेलं त्याने?

एका रात्रीची सोय आपल्याकडे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाणी चढलं की पोरं दोर घेऊन उतरतात, शाळेचं कुलूप उघडतं, कुणाच्या तरी चुलीवर पन्नास माणसांची खिचडी शिजते. माझं म्हणणं त्यानंतरच्या काळाबद्दल आहे. घर गेलेलं कुटुंब आठव्या दिवसापासून पक्कं घर मिळेपर्यंत राहणार कुठे, याचा विचार आपण घर गेल्यावर सुरू करतो. तोवर चिखलात उभं राहून जो निर्णय होतो, तोच पुढे वर्षानुवर्षं लोकांच्या माथी बसतो.

वर्षानुवर्षं हे वाढवून लिहिलेलं नाही. 2005 च्या जुलैत महाड तालुक्यात जुई, कोंडिवते, रोहन, दासगाव इथे दरडी आल्या. दासगावची काही कुटुंबं त्यानंतर दीड दशक उलटलं तरी पत्र्याच्या शेडमध्येच होती. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वाचलेल्यांच्या वाट्याला कंटेनर आले. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातलंच तळीये दरडीखाली गेलं, पुन्हा कंटेनर. 19 जुलै 2023 ला रायगडमधलीच इर्शाळवाडी तशीच गेली, चौक गावाजवळ कंटेनरची वसाहत उभी राहिली. घाटापलीकडचं माळीण 2014 साली गाडलं गेलं, तिथल्या लोकांना पक्की घरं मिळायला 2017 उजाडलं. म्हणजे ही सोय तीन महिन्यांची नसते, निदान दोन-तीन पावसाळ्यांची असते. आराखडाही तेवढ्याच काळाचा हवा.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा एकदा उघडून बघा. निवाऱ्याच्या नावाखाली बहुतेक शाळांची यादी असते. 2020 च्या मे महिन्यात त्याच शाळांत मुंबईहून आलेले चाकरमानी क्वारंटाइन होते आणि 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-मुरुडकडे शाळांचीच कौलं-पत्रे उडाले. शिवाय शाळा ही शाळा असते. जूनच्या मध्यावर ती सुरू होते, पोरांना व्हरांड्यात किती दिवस बसवणार?

नियम नाहीत असंही नाही. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 41 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांची कामं लिहिलेली आहेत: कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, साधनं वापरायच्या स्थितीत ठेवणं, मदत आणि पुनर्वसन. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे मदतीचे किमान निकष आहेत. निवारा केंद्रात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, तीस माणसांमागे एक शौचालय, तेही पन्नास मीटरच्या आत, बायका-मुलांसाठी वेगळं. निवाऱ्याच्या जागा आधी हेरून ठेवा आणि तयार शेड, तंबू, फिरती शौचालयं पुरवणाऱ्यांशी आधीच करार करता येतील ते पाहा, असंही त्यात आहे. हे आधीचं काम कोकणात जास्त महत्त्वाचं. 2021 च्या त्या आठवड्यात महाड पाण्यात, चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या पुलाचा भाग वाहून गेलेला, घाट बंद. तळीयेला बचाव पथकं पोचायलाच किती वेळ लागला ते आठवा. तिथे पनवेलहून कंटेनर कधी येणार होते? चार पत्रे, पाइप, ताडपत्र्या, पाण्याच्या टाक्या तालुक्याच्या गोदामात असायलाच हव्यात.

खरी अडचण जागेची. कोकणात सपाट जमीन म्हणजे एक तर भाताचं खाचर, नाहीतर सडा, म्हणजे वरचं उघड्या कातळाचं पठार. खाचरात पाणी. सातबारा काढावा तर त्यावर पंचवीस नावं, त्यातली पंधरा विरार-डोंबिवलीला आणि दोन वारलेली. बाकी कुठे खाजगी वन, कुठे किनाऱ्याचं सीआरझेड, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा. मग साहेबांचं बोट सड्याकडे जातं. सडा सपाट असतो, दरडीची भीती कमी, जुलैत तर गवताने हिरवागार. पण तिथे एप्रिलमध्ये जाऊन बघा. कातळ तापलेला, सावलीला झाड नाही, पाणी खालच्या विहिरीवरून डोक्यावर आणायचं. जुलैत तिथे नेलेलं कुटुंब एप्रिलमध्येही तिथेच असणार, हे जागा ठरवणाऱ्याच्या डोक्यात पाहिजे. म्हणून माझा हट्ट असा की छावणीची जागा उन्हाळ्यात पाहावी, पावसाळ्यात नव्हे. पाणी मे महिन्यात मिळतं का, हा पहिला प्रश्न. ॲप्रोच रोड दुसरा.

कंटेनरवर माझा राग आहे, तोही सांगते. दमट हवेत लोखंडी पेटी म्हणजे उन्हाळ्यात भट्टी. पुढे पडवी नाही, चूल पेटवायला जागा नाही, गुरं कुठे बांधायची त्याचं उत्तर नाही. आणि गुरांसाठीच माणसं दरडीखाली परत जातात, हे कुठल्याही पोलीस पाटलाला विचारा. कंटेनर द्यायचेच असतील तर वर झावळ्यांचा किंवा पेंढ्याचा मांडव, पुढे पडवी आणि शंभर पावलांवर सामाईक गोठा एवढं तरी द्या. कोळीवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. होडी आणि जाळी नजरेआड ठेवून पाच किलोमीटर आत कोणी राहायला जाणार नाही. त्यांना गावठाणातच उंच जागा शोधावी लागेल.

आता ज्यावर कोणी बोलत नाही त्याबद्दल. आपल्या गावांत कुलूपबंद घरं किती आहेत? जांभ्याची, ओटी-माजघर असलेली, वर्षातून दोनदा उघडणारी. गणपतीला आणि शिमग्याला. आपद्ग्रस्त कुटुंबाला वर्षभर राहायला याहून चांगलं काय? वाडी तुटत नाही, पोरांची शाळा बदलत नाही, शेत जवळ राहतं. तरी ही घरं मिळत नाहीत, कारण मालकाच्या मनात एकच भीती: कूळ लागेल, म्हणजे राहणारा पुढे हक्क सांगेल. कुळकायदा शेतजमिनीचा, घराला तो लागत नाही, पण आजोबांच्या वेळी जमिनी कसणाऱ्या कुळांच्या नावे झाल्या, ते कोकणी माणूस विसरत नाही. आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? कायद्याने आपत्तीच्या वेळी जागा ताब्यात घेता येते, पण मुंबईच्या काकांच्या घराचं कुलूप तोडायला आमचे सरपंच जाणार नाहीत, त्यांना त्याच वाडीत राहायचंय.

यात ग्रामपंचायत मध्ये उभी राहिली तर काम होईल. मालक आणि कुटुंब यांचा थेट व्यवहारच नको. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, त्यात ग्रामपंचायतीची लेखी हमी, भाडं आणि वीजबिल सरकारी मदतीतून. देवघर आणि एक खोली मालकाच्या कुलपात. गणपतीला मालक आले तर पंधरा दिवस दोन्ही कुटुंबं एका छपराखाली राहतील, भांडतील, आरतीला एकत्र उभी राहतील. कंटेनरपेक्षा हे बरं. पण अशा घरांची यादी आणि मालकांची तयार संमती आधी हवी. दुसऱ्या दिवशी दादरला फोन लावून ते होत नाही.

पैसा नाही हे कारण मला अर्धंच पटतं. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्ती निधीत पूर्वतयारीसाठी, पुनर्बांधणीसाठी वेगळा वाटा धरला होता. आणि मी सांगते त्यातलं बरंचसं काम फुकटचं आहे: जागा पाहणं, मोजणं, पाण्याची खात्री करणं, मालकांशी बोलणं. सड्यावर दोन दिवसांत क्रिकेटची टूर्नामेंट उभी करणारं गाव आपलं. मंडप, लाइट, टँकर, जेवण, पार्किंग सगळं होतं.

यादीत नाव नाही म्हणून थांबू नका. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

1 मेच्या ग्रामसभेत हा विषय घेतला तर उशीर होतो, हाताशी पावसाच्या आधीचा एकच महिना उरतो. 2 ऑक्टोबरच्या सभेत घ्या. मी आमच्या ग्रामसेवकांकडे दिलेला अर्ज खाली टाकते, गावाचं नाव बदलून खुशाल वापरा.

"विषय: आपत्तीनंतर किमान दोन वर्षे राहण्याची सोय ठरविणेबाबत. (1) वाडीनिहाय पर्यायी जागा उन्हाळ्यात पाण्याची खात्री करून निश्चित करणे व तहसीलदारांकडून तपासून घेणे. (2) बंद घरांच्या मालकांची लेखी संमती घेणे. (3) गुरांच्या व होड्यांच्या जागेसह नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावणे. (4) हा ठराव जिल्हा आराखड्यात समाविष्ट करण्यासाठी पाठविणे व त्याची पोच घेणे."