"दिलंच कसं?" असं विचारणाऱ्यांसाठी

आज सकाळी पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लंपास. दुचाकीवरून दोघे आले, पुढं चोरी झालीय म्हणाले, दागिने काढून रुमालात बांधायला लावले, घरी जाऊन रुमाल सोडला तर आत दगड. वाचून वाईट वाटलं. पण डोकं फिरलं ते नंतर, ही बातमी कुणीतरी आमच्या पेठेच्या ग्रुपवर टाकल्यावर. पहिलाच रिप्लाय, "दिलंच कसं?" त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मग, "म्हातारीला अक्कल नको का?" मग, "दिवसभर मालिका बघायच्या, पेपर कोण वाचतंय."

लिहिणारे सगळे ओळखीचे. चांगली माणसं आहेत. महापुरात दुसऱ्यांच्या घरातली भांडीकुंडी डोक्यावरून वाहिलेली, कुणाच्या मयताला सगळ्यात आधी पोचणारी. म्हणूनच जास्त लागलं. तिथं लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथं लिहिते.

माझ्या आत्तीला असंच लुबाडलंय. शुक्रवार होता. अंबाबाईचं दर्शन घेऊन ताराबाई रोडनं घराकडं निघाली होती, हातात ओटीची पिशवी. दोघांनी गाडी आडवी लावली. कडक इस्त्रीचे शर्ट, बारीक केस, पायात तपकिरी बूट. एकानं कसलंसं कार्ड दाखवलं. त्याच वेळी समोरून एक माणूस आला, त्यालाही थांबवलं, दरडावलं. त्यानं मुकाट्यानं गळ्यातली चेन काढून कागदात बांधली आणि "बरं झालं साहेब सांगितलं" म्हणत निघून गेला. तो तिसरा त्यांच्यातलाच होता, हे आत्तीला कसं कळावं? डोळ्यांदेखत एक धडधाकट पुरुष साहेबाचं ऐकतोय म्हटल्यावर सत्तरी ओलांडलेल्या बाईनं काय करायचं? मग ते तिच्यावर ओरडले. ओरडले, हे नीट लक्षात घ्या. "आजी, एवढं सोनं घालून फिरता, तुमच्यासारख्यांमुळं आमच्या डोक्याला ताप." आत्ती घाबरली, ओशाळली, आणि पाटल्या, बोरमाळ काढून त्यांच्या हातात दिली. रुमालाची गाठ तिच्यासमोरच मारली. अदलाबदल कधी झाली ते तिला आजही सांगता येत नाही.

आता विचारा, दिलंच कसं. आपणच तिला तसं वाढवलं म्हणून दिलं. साहेब बोलला की मान खाली घालायची, उलट विचारायचं नाही, बाईमाणसानं चारचौघांत आवाज चढवायचा नाही. जन्मभर जो गुण म्हणून तिचं कौतुक केलं त्याच गुणावर चोरांनी हात मारला, आणि त्या दिवसापासून आपण त्याला मूर्खपणा म्हणायला लागलो.

आणि खरं नुकसान तर पुढं झालं. आत्ती घरी आली आणि गप्प बसली. सुनेला सांगितलं, पाटल्या घट्ट होतात म्हणून कपाटात ठेवल्यात. जवळजवळ महिनाभर तिनं हे पोटात ठेवलं. जेवण तुटलं, झोप गेली, डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली. शेवटी एका लग्नाला निघताना सुनेनं बोरमाळ मागितली तेव्हा आत्ती मटकन खाली बसली. "मीच काढून देऊन बसलो गं. लोक काय म्हणतील म्हणून बोललो न्हाई." लोक काय म्हणतील! लोक तेच म्हणाले जे आज ग्रुपवर म्हणालेत. तिला ते आधीच माहीत होतं.

त्या महिन्यात काय गेलं ते सांगते. तो प्रकार जिथं घडला तिथल्या एका दुकानाबाहेर कॅमेरा आहे. दुकानदार भला माणूस, लगेच बघायला बसला, पण जुनं रेकॉर्डिंग राहिलंच नव्हतं. डिस्क भरली की मशीन जुनं पुसून त्यावर नवं घेतं. तोंडं दिसली असती, गाडी दिसली असती, कदाचित नंबरही. त्याच दिवशी तक्रार झाली असती तर त्या रस्त्यावर आठवडाभर गस्त वाढली असती, पेपरात चार ओळी आल्या असत्या, दुसरी एखादी बाई सावध झाली असती. यातलं काहीच झालं नाही, कारण आत्तीला चोरांपेक्षा आपली भीती जास्त वाटली. "दिलंच कसं" म्हणणारा प्रत्येक जण त्या दोघांना महिनाभराची सवलत देतो. माझं म्हणणं एवढंच आहे आणि मी ते शंभर वेळा म्हणेन.

ठाण्यातही तेच. कुठलं ठाणं ते लिहीत नाही. मी आत्तीला घेऊन गेले. खुर्चीवरचे साहेब सगळं ऐकून काय म्हणाले? "आजी, एवढं सोनं घालून फिरायचं कशाला?" आत्तीनं माझ्याकडं बघितलं. चोर हेच वाक्य बोलला होता. हेच, जवळजवळ शब्दाला शब्द. अस्सल पोलिसानं तोतयाची री ओढल्यावर त्या बाईनं फरक ओळखायचा तरी कशावरून?

हां, पोलिसांवर ताण आहे, मान्य. गणपती, नवरात्र, जोतिबाची यात्रा, शाहू स्टेडियमवरच्या मॅचेस, वर मंत्र्यांचे दौरे, आणि बंदोबस्ताला तीच तीच माणसं. त्या दिवशी आत्तीचं कागदावर उतरवून घेणारी महिला कॉन्स्टेबल सकाळपासून उपाशी होती, तरी तिनं आत्तीला आधी पाणी दिलं. तिचं मी नाव घेणार नाही, पण तिचे उपकार विसरणार नाही. "आजी, तुमचं काही चुकलं न्हाई, सावकाश सांगा," एवढं ती म्हणाली आणि आत्तीला एकेक आठवायला लागलं. बूट, शर्टाचा रंग, त्या तिसऱ्याच्या हातातलं कडं. तोवर घरातल्या कुणाला तिनं यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. प्रेमानं विचारल्यावर पुरावा मिळाला.

बरं, हसणाऱ्यांतलेच काही जण फोनवर फसतात तेव्हा? ओळखीतले एक गृहस्थ, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली, म्हणजे फोनवरच्या तोतया पोलिसानं अटकेची भीती घातली म्हणून, व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसून राहिले आणि ठेव मोडून पैसे पाठवले. तेव्हा याच ग्रुपवर "फार हुशार टोळ्या असतात हो, कुणीही फसेल" असं लिहिलं गेलं. बरोबरच होतं ते. मग आत्तीला फसवणारी टोळी हुशार नव्हती? वर्दीची भीती दोन्हीकडं तीच. पुरुष फसला की टोळी हुशार आणि नऊवारीतली बाई फसली की तिची अक्कल काढायची, हे मला पटत नाही.

आणि दुपारी तर कहर झाला. त्याच ग्रुपवर कुणीतरी रस्त्यावर कपड्यांवर भांडी देणाऱ्या दोन बायकांचा फोटो टाकला, "सावधान, रेकी करणारी टोळी". एकीच्या कडेवर तान्हं पोर. कशावरून रेकी? काहीही नाही. अंगावर लक्तरं आहेत आणि आपल्या गल्लीतल्या नाहीत, एवढंच. अहो, आत्तीला लुबाडणारे इस्त्रीचे शर्ट घालून आले होते! ज्यांच्याकडं बघून आपण सावध होतो ते चोर नसतात आणि चोर येतो तेव्हा आपण त्याला साहेब म्हणतो.

2018 च्या 1 जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसं ठेचून मारली. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारी टोळी आलीय, असं मोबाइलवरून फिरत होतं. असेच फोटो, असेच "सावधान". ज्या बोटानं फॉरवर्ड केलं त्या बोटाला रक्त लागलेलं दिसत नाही, म्हणून काय ते लागलं नाही?

आणि हे कोल्हापुरात व्हावं? इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. त्यांच्या माणसांना हजेरी लावायला लागायची, तीही काही केलं नसताना. शाहू महाराजांनी 1918 साली आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना सोनतळीला जागा दिली, घरं दिली, ज्यांना जग चोर म्हणत होतं त्यांना पहाऱ्याची कामं दिली. देशात तो कायदा जायला 1952 उजाडलं. शाहू जयंतीला डीपी बदलायचा आणि दुपारी त्या बायकांचा फोटो फिरवायचा? मी ग्रुपवर फोटो काढून टाका म्हणून लिहिलं. दोघांनी अंगठा दाखवला. फोटो अजून तिथंच आहे.

जाऊ दे. राग आवरते, कारण कामाचं सांगायचं राहून जाईल.

खरा पोलीस रस्त्यात कुणालाही अंगावरचं सोनं काढायला सांगत नाही. रुमालात तर अजिबात बांधून देत नाही. आपल्या आईला, आजीला एवढं एक वाक्य पाठ करून द्या: "साहेब, समोरच्या दुकानात चला, तिथं बोलू." अंगावर काही घालायचं नाही असली शिकवण नको. ज्या बाईनं एकेक पाटली पै पै साठवून केलीय तिनं ती घालावी, आमच्या कोल्हापुरात देवीला जाताना मोकळ्या हातानं जात नाहीत. कुणी अडवलं तर 112 लावायचा. फोनवर पैसे गेले असतील तर 1930, आणि तो लगेच, कारण पैसे पुढं सरकायच्या आत बँकेत अडवता आले तर अडवतात.

झालाच प्रकार, तर पोटात ठेवायचं नाही. नव्या कायद्याप्रमाणं कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नोंदच करून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं. तपास कुठवर आला ते 90 दिवसांत फिर्यादीला कळवायचं असतं. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर बाईला, साठीच्या वरच्या पुरुषाला ठाण्यात यायची सक्ती नाही, पोलिसांनी घरी यायचं. हे आत्तीला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ती ठाण्याच्या नावानंच एवढी थरथरली नसती. कायद्यानं सगळं जागेवर येतं असं नाही, आत्तीच्या पाटल्या काही परत आलेल्या नाहीत. पण आमच्या तक्रारीनंतर त्या रस्त्यावर सकाळची गस्त दिसायला लागली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आत्ती बरेच दिवस देवळात गेली नाही. सोन्यापेक्षा मला हे जास्त लागलं. आयुष्यभर जिचा शुक्रवार चुकला नाही ती खिडकीत बसून हात जोडायची. कुणी विचारलं की गुडघ्याचं कारण सांगायची. गेल्या महिन्यापासून पुन्हा जायला लागलीय, शेजारच्या दोघींना बरोबर घेऊन. हातात काचेच्या बांगड्या.

आज ग्रुपवरचं मी तिला वाचून दाखवलं नाही, पण सुनेच्या मोबाइलवर तिनं बघितलंच. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "त्या बाईला कुणीतरी जाऊन भेटा रे. ती जेवली नसंल." थोड्या वेळानं म्हणाली, "चारचौघींना मीच सांगतो काय झालं ते. पण माईक नको."

तर येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या तालमीच्या हॉलमध्ये आत्ती सांगणार आहे, तिच्या शब्दांत, तिला जमेल तेवढं. आमच्या भागाच्या बीट अंमलदारांना बोलावलंय, बंदोबस्त लागला नाही तर ते येतील. आई, आजी, सासू, शेजारच्या एकट्या राहणाऱ्या काकू, सगळ्यांना घेऊन या. पुरुषांनीही यावं, ग्रुपवर लिहिणाऱ्यांनी तर नक्की यावं, फक्त तो प्रश्न विचारू नये. व्हिडिओ काढायचा नाही, तिला चालणार नाही. कार्यक्रम तळमजल्यावर आहे, जिना नाही. खुर्च्या आणि चहाचा अंदाज यावा म्हणून किती जण येणार ते खाली कळवा.