'चॅलेंज व्होट' मागून मत देता येत नाही

निवडणूक जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास फिरतो. मतदान केंद्रावरच्या यादीत नाव सापडलं नाही तर आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र दाखवा, कलम ४९ ए खाली 'चॅलेंज व्होट' मागा आणि मत द्या. तुमच्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेलं असेल तर 'टेंडर व्होट' मागा. एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर मतं पडली तर तिथे फेरमतदान होईल. खाली 'जास्तीत जास्त शेअर करा' असतंच.

आधी कलम पाहू. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ४९ ए हा मतदान यंत्राच्या रचनेचा नियम आहे. यंत्राला कंट्रोल युनिट आणि बॅलट युनिट असावं, त्याची रचना निवडणूक आयोगाने मंजूर केलेली असावी, एवढंच त्यात आहे.

आक्षेपाची तरतूद ४९ जे मध्ये आहे आणि ती संदेशाच्या बरोबर उलटी आहे. तिथे मतदार चॅलेंज करत नाही, मतदारालाच चॅलेंज केलं जातं. समोर आलेला माणूस यादीतला तोच नव्हे असा एखाद्या उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला संशय आला, तर तो केंद्राध्यक्षांकडे रोख २ रुपये भरून आक्षेप घेतो. (हो, दोनच रुपये.) केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. आक्षेप फोल ठरला तर मतदार मत देतो. खरा ठरला तर त्याला मत देता येत नाही आणि त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं जातं. उगाच घेतलेल्या आक्षेपाचे २ रुपये जप्त होतात. हे सगळं यादीत असलेल्या नावाबद्दल चालतं. ज्याचं नावच नाही, त्याचा इथे संबंध येत नाही.

त्याच्यासाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम ६२ आहे: यादीत नाव नाही, त्याला मताचा हक्क नाही. आधार चालतं ते ओळख पटवण्यापुरतं. मतदार ओळखपत्र घरी राहिलं तर आधार, पॅन, पासपोर्ट किंवा वाहन परवाना दाखवता येतो. पण कार्ड खिशात आहे म्हणून नाव यादीत असेलच असं नाही. जुन्या पत्त्यावरचं ओळखपत्र जपून ठेवलेलं असतं आणि नाव केव्हाच वगळलेलं असतं. लोक चिडतात, आणि त्यात चूक काही नाही. फक्त तो राग केंद्राध्यक्षांवर काढून उपयोग नाही. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर यादीत नवं नाव घेता येत नाही. मतदानाच्या दिवशी तर तो प्रश्नच उरत नाही.

टेंडर मताचा भाग मात्र खरा आहे. नियम ४९ पी. तुमच्या नावावर कोणी मत देऊन गेलं असेल आणि तुम्ही स्वतःची ओळख पटवून दिलीत, तर यंत्राऐवजी छापील मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात ठेवली जाते. संदेश जे सांगत नाही ते हे: नेहमीच्या मतमोजणीत हे पाकीट उघडत नाहीत. निकालाला आव्हान देणारी याचिका झाली तर त्याला किंमत येते. २००८ च्या विधानसभा निवडणुकीत राजस्थानच्या नाथद्वारात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले. तेव्हा अशाच टेंडर मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. म्हणून असं झालं तर हात हलवत परत येऊ नका, ती मतपत्रिका जरूर मागा.

उरले ते १४ टक्के. हा आकडा कुठल्याच नियमात नाही. फेरमतदानाची कारणं लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ५८ आणि ५८ ए मध्ये दिली आहेत: यंत्र पळवणं, बिघडवणं, मतदान प्रक्रियेतली गंभीर चूक, केंद्र बळकावणं. शिवाय साधा हिशेब करा. केंद्रावर ७०० मतं पडली तर १४ टक्के म्हणजे ९८. प्रत्येक केंद्राला टेंडर मतपत्रिका दिल्या जातात २०. जास्त लागल्या तर मागवाव्या लागतात.

गर्दीच्या केंद्रावर ४९ ए चा आग्रह धरणारा एक जण टेबलाशी अडला की मागची रांग तिथेच थांबते. 'नाव नाही' असं ऐकलं तर आधी ओळखपत्राच्या क्रमांकावरून आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा १९५० या हेल्पलाइनवर शोधा. पुष्कळदा नाव शेजारच्या खोलीतल्या केंद्राच्या यादीत निघतं. तिथेही नसेल तर या वेळचं मत गेलं. पुढच्या वेळेसाठी नाव नोंदवण्याचा अर्ज, म्हणजे नमुना ६, भरायचा, आणि तो निवडणूक जाहीर व्हायची वाट न पाहता.