क्रोम काढून परत टाकलं, तरी भूत तिथेच

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल: "ब्राउझर उघडला की भलतंच सर्च पान येतंय? क्रोम अनइन्स्टॉल करून परत टाका, दोन मिनिटांत साफ. तरी राहिलं तर खालच्या लिंकवरचा फ्री क्लीनर टाका. अँटिव्हायरस असेल त्याला हा त्रास होतच नाही." तीन सल्ले, आणि तिन्हींत घोळ.

पहिला सल्ला माझ्या मावशीने दोनदा पाळला. "अरे, मुळापासून काढलं रे मी, तरी तेच पान!" पण मुळापासून निघालंच नव्हतं. अनइन्स्टॉल करताना 'ब्राउझिंग डेटाही काढा' या चौकटीत टिक केली नाही, तर प्रोफाइलचं, म्हणजे तुमच्या सेटिंग्ज वगैरेंचं, फोल्डर डिस्कवर तसंच राहतं आणि नवं क्रोम तेच उचलतं. टिक केली, तरी गूगल खात्यात साइन इन केल्यावर सिंक, म्हणजे खात्यात साठवलेलं जुळवून आणणारी सोय, जुनी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) इमानेइतबारे परत आणून देतं.

मावशीकडे तर आणखी एक भानगड होती. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज उघडल्या आणि 'टार्गेट'ची ओळ वाचली. ती 'क्रोम डॉट ईएक्सई'पाशी, अवतरणचिन्हावर संपायला हवी. इथे त्यापुढे एक जागा सोडून कुठल्याशा सर्च साइटचा पत्ता चिकटवलेला. बिचारं क्रोम सांगितलं तिकडे जात होतं. हे चिकटवणारा होता एक फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर. तो मशीनवर असेपर्यंत क्रोम शंभरदा टाका, नव्या आयकॉनलाही तो तेच करणार.

बिघाड ब्राउझरच्या बाहेर असतो याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे 2015 साली उघडकीला आलेलं सुपरफिश. लेनोवोच्या काही नव्याकोऱ्या लॅपटॉपवर ते आधीच भरलेलं होतं आणि विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कुठल्या साइटवर विश्वास ठेवायचा हे ठरवणारा दाखला, बसवून सुरक्षित पानांतही जाहिराती घुसवायचं. ब्राउझर सोडाच, सुपरफिश काढलं तरी ते सर्टिफिकेट मागे राहायचं.

आणि क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसतंय? ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ठीक, हात लावू नका. घरच्या मशीनवर मात्र कुणीतरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या मुख्य वहीत, पॉलिसी (क्रोमवर वरून लादलेला नियम) घुसवलेली असू शकते. मग एक्स्टेन्शनचं 'रिमूव्ह' बटणच चालत नाही. काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी लावतात, म्हणून आधी ती कोणाची ते बघा.

दुसऱ्या सल्ल्यावर काय बोलायचं! अनोळखी लिंकवरून फुकटचं काहीतरी उतरवलं म्हणून तर हे झालं. साफसफाईचं टूल हवंच असेल तर मालवेअरबाइट्सचं ॲडक्लीनर घ्या, तेही कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून.

राहिला अँटिव्हायरस. हे पाहुणे दार फोडून येत नाहीत. आपणच 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत त्यांना आत घेतो. जावाच्या अधिकृत इन्स्टॉलरसोबतसुद्धा कैक वर्षं आस्क टूलबार यायचा, चौकटीत आधीच टिक मारून. मालकाने होकार दिलेला म्हटल्यावर अँटिव्हायरस अशांना व्हायरस न मानता 'नकोसे असू शकतील' अशा गटात टाकतो. विंडोज सिक्युरिटीत त्यांना अडवण्याचं बटण वेगळं आहे, ते चालू आहे का बघा.

मावशीकडचा क्रम असा लागला: आधी कंट्रोल पॅनेलमधून तो कन्व्हर्टर काढला, मग टार्गेटची ओळ नीट केली, अनोळखी एक्स्टेन्शन उडवलं आणि शेवटी क्रोमच्या सेटिंग्ज रिसेट केल्या. बुकमार्क, पासवर्ड सगळं जागेवर.

"आणि आता पीडीएफ कशात करू?" मावशीचा पुढचा प्रश्न.

प्रिंट दाब, तिथेच 'सेव्ह ॲज पीडीएफ' आहे.